नेटस्केपची किल्ली

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी इंटरनेट थेट मोबाइलवरच पाहिले. त्याआधीचा ब्राउझर म्हणजे डिसेंबर १९९४ चा नेटस्केप नॅव्हिगेटर १.०. त्याला विंडोज ३.१, मॅकिंटॉश किंवा युनिक्सचा संगणक, टेलिफोन लाइन आणि १४.४ केबीपीएसचा मोडेम पुरे होई. विंडोज ३.१ वर विनसॉक प्रोग्राम वेगळा घालावा लागे. चित्रे उतरत असतानाच मजकूर वाचता येई; बाजारकुणंगला रेंज कमी असली की ही सोय आजही उपयोगी पडते.

खाली कोपऱ्यात किल्ली दिसे. तुटलेली असली तर माहिती उघडी जाते, अखंड असली तर सांकेतिक रूपात. आम्ही बँकवाले एवढेच सांगतो: किल्ली असो वा आजचे कुलूप, ते वाट सुरक्षित असल्याचे सांगते, पलीकडचा माणूस प्रामाणिक असल्याचे नाही. ओटीपी कोणालाही देऊ नये.