पक्षी भरपूर, म्हणजे नदी चांगली?

थंडीत मुलांना पक्षी दाखवायला कुठे न्यायचे, असे पिंपरी-चिंचवडच्या शिक्षकांनी विचारले की मी मोशीचे नाव सांगतो. पुणे-नाशिक रस्ता इथे इंद्रायणी ओलांडून चाकणकडे जातो. दोन्ही बाजूंना कारखाने आणि इमारती असल्या, तरी नदीकाठी आणि मधल्या शेतांत डिसेंबर-जानेवारीत पाहण्यासारखे बरेच असते. अशाच एका सहलीत नववीतल्या मुलीने विचारले, "सर, पाण्याला वास येतोय, वर फेस आहे, तरी इतके पक्षी कसे? मग नदी खराब आहे असं का म्हणतात?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी हे पक्षी खातात काय, ते पाहू.

नदीची ओहोटी

गुलाबी, लांब पायांचे शेकाटे उथळ पाण्यात चालत असतात. काठाच्या चिखलात तुतारी शेपटी हलवत फिरते. जेमतेम २५-३० ग्रॅम वजनाचा छोटा टिलवा उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशातून आलेला असतो. हे सगळे चिखलातले पक्षी. अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावर गेलात, तर यांचेच भाऊबंद भेटतील. त्यांच्या चोची नीट पाहा. टिलव्याची चोच आखूड, म्हणून तो वरवरचे किडे टिपतो. कुरल पक्ष्याची बाकदार चोच १५ सेंटीमीटरपर्यंत लांब असते, म्हणून तो खोल बिळातले किडे आणि खेकडे ओढून काढतो. एकाच चिखलात प्रत्येकाचे खाणे वेगवेगळ्या थरात असते.

समुद्राला दिवसातून दोनदा ओहोटी येते आणि चिखल उघडा पडतो. आपल्या नदीला ओहोटी येते ती वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. पाणी हळूहळू उतरते, उतरत्या काठावर ओला गाळ उघडा होत जातो आणि नेमक्या याच वेळी उत्तरेकडचे पाहुणे येऊन पोहोचतात.

ऑक्सिजनचा हिशेब

आता वासाकडे वळू. स्वच्छ पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. नदीत सांडपाणी आले की त्यातल्या सेंद्रिय पदार्थांवर जिवाणू वाढतात आणि हा ऑक्सिजन वापरून टाकतात. तो ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना त्रास होऊ लागतो. २ च्या खाली फारच थोडे मासे तग धरतात. स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या अनेक कीटकांच्या अळ्याही नाहीशा होतात.

पण सगळेच जीव मरत नाहीत. डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या एका माशीच्या लाल अळ्या अशा गाळात मजेत राहतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्यासारखेच हे द्रव्य पाण्यातला थोडासा ऑक्सिजनही धरून ठेवते. स्पर्धक गेले, खाणारे मासे गेले आणि अन्न मात्र मुबलक, त्यामुळे या अळ्यांची संख्या प्रचंड वाढते. शेकाट्यांना हे आयते ताट मिळते.

म्हणजे शेकाट्यांचा मोठा थवा नदी स्वच्छ असल्याचा पुरावा नाही. अनेकदा तो सांडपाण्याचाच पुरावा असतो. ठाण्याच्या खाडीतही असेच काहीसे घडते. तिथला छोटा रोहित नील-हरित शैवाल खातो आणि त्या शैवालाच्या वाढीला सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसचा हातभार लागतो. या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पक्ष्यांना संरक्षण मिळाले, पण म्हणून पाणी शुद्ध ठरत नाही.

शेताकडे

नदी सोडून चाकणच्या बाजूच्या शेतांत गेलो की पाहुणे बदलतात. कांद्याला पाणी दिलेल्या वाफ्यात पिवळे धोबी किडे टिपत पळतात. ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. शेतकरी त्यांना हाकलतो, पण त्याच भोरड्या मध्य आशियातल्या विणीच्या काळात टोळ आणि नाकतोडे फस्त करतात. मोकळ्या माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत जातो. तो रात्री झाडावर बसत नाही, गवतात जमिनीवरच झोपतो. माळाला कुंपण पडून तिथे शेड उभी राहिली, तर आसपास झाडे कितीही लावा, त्याला मुक्कामाला जागा राहत नाही.

काय मोजायचे?

वरच्या वर्गांसाठी एक प्रयोग सुचवतो. इंद्रायणीवरच दोन जागा निवडा, एक वरच्या अंगाला कामशेतजवळ आणि दुसरी मोशी किंवा आळंदीला. एकाच आठवड्यात, सकाळच्या एकाच वेळी अर्धा-अर्धा तास पक्षी मोजा. नोंद तीन रकान्यांत करा: मासे खाणारे (कवड्या धीवर, नदी सुरय), चिखलातले किडे खाणारे (शेकाट्या, तुतारी, टिलवा) आणि वनस्पती खाणारी बदके. एकूण संख्येपेक्षा रकान्यांमधला तोल पाहा. एका पक्ष्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. पाणकावळा मासे खातो खरा, पण कमी ऑक्सिजनमध्ये टिकणाऱ्या तिलापियावरही त्याचे भागते. कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा जवळ असेल, तर विंकलर पद्धतीने ऑक्सिजनही मोजा. नमुन्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड नदीकाठीच घालायला विसरू नका, नाहीतर वाटेतच आकडा बदलेल. मुलांना पाण्यात हात घालू देऊ नये, हे सांगायला नकोच.

अशी मोजणी दरवर्षी केली, तर एक दिवस शेकाटे कमी झालेले आढळतील. त्याची कारणे दोन असू शकतात. सांडपाणी शुद्ध होऊ लागल्याने लाल अळ्या घटल्या आणि मासे परतले, तर ती आनंदाची बातमी. पण काठाचा उतार जाऊन तिथे सरळ भिंत उभी राहिली आणि गाळ उघडा पडायचाच थांबला, तरीही शेकाटे कमीच होतील. आकडा तोच, अर्थ मात्र उलटा. पहिल्या प्रकारात धीवर आणि सुरय वाढतील, दुसऱ्यात टिलवे आणि तुताऱ्याही जातील. हा फरक ओळखायचा, तर तिन्ही रकान्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी हव्यात.

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, "पक्षी किती आहेत हे तू पाहिलंस. आता ते काय खातात ते पाहा, म्हणजे नदीच तुला उत्तर देईल."