कढईतून थेट रनवेवर!

दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर भेटायचं, फोटो काढायचे आणि घरी येऊन फराळावर तुटून पडायचं. ताटात चकली, शेव, कडबोळी. आणि ओट्यावर? काळपट झालेलं कढईभर तेल. त्याचं पुढे काय होतं, हे आपण कधी विचारत नाही. थोडं फोडणीत जातं, बाकीचं बेसिनमध्ये. हे झालं घरचं. ठाणे स्टेशनबाहेरच्या वड्याच्या गाड्यांपासून कल्याण-डोंबिवलीच्या फरसाणवाल्यांपर्यंत रोज किती तेल उरत असेल? आता कुणी सांगितलं की याच तेलावर विमान उडतं, तर?

नाही, फेकत नाहीये. या इंधनाचं नाव सस्टेनेबल एव्हिएशन फ्युएल, शॉर्टमध्ये 'सॅफ'. वापरलेल्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातला ऑक्सिजन काढतात, मग त्याच्या साखळ्या हव्या तशा तोडून-वळवून विमानाच्या इंधनासारखं इंधन मिळवतात. इंजिनात काहीही बदल न करता ते नेहमीच्या एटीएफमध्ये निम्म्यापर्यंत मिसळता येतं. उत्पादनापासून जळेपर्यंतचा सगळा हिशेब धरला, तर कार्बन ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो.

महाराष्ट्राचं कनेक्शन

सॅफ फक्त तेलापासूनच बनतं असं नाही. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या विमानात उसाच्या मळीपासून बनलेलं देशी सॅफ मिसळलं होतं. त्यामागे होती पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि सोबत इंडियन ऑइल. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला वापरलेल्या खाद्यतेलापासून सॅफ बनवण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. तिथे वर्षाला ३५ हजार टन सॅफ बनवायचं नियोजन आहे.

आणि आपल्या अगदी शेजारची बातमी म्हणजे ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ. त्याच्या आराखड्यात सॅफच्या साठवणुकीची वेगळी सोय आहे.

पण टाकी असली म्हणजे ती भरेलच असं नाही. सॅफ नेहमीच्या इंधनापेक्षा दुपटीपासून पाचपटीपर्यंत महाग पडतं. म्हणून विमान कंपनी घेत नाही, कंपनी घेत नाही म्हणून कारखाना निघत नाही आणि कारखाने नाहीत म्हणून भाव उतरत नाही. २०२४ मध्ये जगभरात बनलेलं सॅफ एकूण विमान इंधनाच्या जेमतेम ०.३ टक्के होतं. भारताचं लक्ष्य आहे आंतरराष्ट्रीय उड्डाणांमध्ये २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के. मग ही कोंडी फोडणार कोण?

विमानतळ काय करू शकतो?

विमानतळ स्वतः इंधन जाळत नाही. पण विमानं त्याच्या दारात येतात आणि त्याबद्दल पैसे मोजतात. खरी चावी तिथेच आहे.

लंडनच्या हिथ्रोने २०२२ पासून विमान कंपन्यांच्या शुल्कातच सॅफचा वाटा ठेवला. जी कंपनी सॅफ वापरते, तिला त्यातून पैसे परत मिळतात. ॲमस्टरडॅमच्या स्किपोलने २०२२ ते २०२४ साठी दीड कोटी युरो बाजूला काढले आणि जैव इंधनाच्या टनामागे ५०० युरोंची मदत देऊ केली. नॉर्वेत ऑस्लोच्या विमानतळाने तर २०१६ मध्येच सामाईक इंधन यंत्रणेतून असं इंधन द्यायला सुरुवात केली होती. सिंगापूरने प्रवाशांकडूनच छोटी लेव्ही घ्यायचं ठरवलं.

आपल्याकडे हे जमेल? मोठ्या विमानतळांचे दर एईआरए हे नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यामुळे मनाला येईल तसा आकार लावता येत नाही. पण एक साधं गणित करून बघू. समजा एका प्रवाशामागे २ हजार रुपयांचं इंधन लागतं आणि सॅफ तिप्पट महाग आहे. १ टक्का सॅफ मिसळलं तर जादा खर्च ४० रुपये. म्हणजे दोन वडापाव! विमानाच्या तिकिटात हे जाणवणारही नाही, पण कारखाना काढणाऱ्याला पुढची काही वर्षं गिऱ्हाईक आहे याची खात्री मिळेल.

मधली कडी गायब

खरी गोची मात्र कढईपाशीच आहे. एफएसएसएआयच्या नियमानुसार तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तळणासाठी वापरायचं नाही. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवायची आणि उरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं. पण कोपऱ्यावरच्या गाडीला ५० लिटर लागतंच कुठे? ती या नोंदीच्या बाहेरच राहते. मग उरलेलं तेल एकतर गटारात जातं, नाहीतर पुन्हा कढईत आणि तिथून आपल्या पोटात.

म्हणजे या तेलाला चांगला भाव मिळाला, तर फायदा फक्त विमानाचा नाही. संध्याकाळच्या आपल्या भजीप्लेटचाही आहे.

अर्थात, सावध राहायला हवंच. वापरलेलं तेल ताज्यापेक्षा महाग झालं की ताजं तेलच 'वापरलेलं' म्हणून खपवायचा मोह होणार. परदेशात अशा शंका घेतल्या गेल्या आहेतच. म्हणून कुठल्या कढईतून किती तेल आलं याचा माग ठेवणं, ते तपासणं आणि प्रमाणपत्र देणं ही कामं महत्त्वाची आहेत. केमिस्ट्री, लॉजिस्टिक्स किंवा डेटा शिकणाऱ्यांनो, इथे तुमच्यासाठी काम आहे. शिवाय जगातलं सगळं उरलेलं तेल गोळा केलं तरी सगळी विमानं त्यावर उडणार नाहीत. जिथे ट्रेनने जाता येतं तिथे ट्रेन बरी, हे लोकलवाल्या आपल्याला कुणी सांगायला नको.

आपल्यातले कितीतरी जण अजून विमानात बसलेले नाहीत. पण कँटीनचा समोसा तर रोज खातो ना? मग उद्या ब्रेकमध्ये कँटीनच्या काकांना एवढंच विचारा, "काका, उरलेलं तेल कुठे जातं?" उत्तर 'बेसिनमध्ये' असेल, तर एनएसएसच्या पुढच्या मीटिंगला तुमच्याकडे विषय तयार आहे.