वाढलेले ताट आणि अडलेला घास

अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड हे गाव आहे. हा मुलूख अवर्षणाचा. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबेल आरोळे हे दांपत्य तेथे आले. भोवतालच्या खेड्यांत अन्नावाचून खंगलेली मुले त्यांच्या दृष्टीस पडली. केवळ औषधांनी हे दुखणे हटणार नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी खेड्यांतील स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांपैकी कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. परंतु त्या घरोघर जात, मुलांचे वजन करीत आणि मुलांना काय व कसे भरवावे, हे मातांना समजावून सांगत. पुढे त्या खेड्यांतील कुपोषण पुष्कळ घटले. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ते दुखणे अन्नाच्या अभावाचे होते. पण मुलांनो, टोपलीत भाकरी असूनही घास घशाखाली उतरत नाही, असेही एक दुखणे आहे. त्यास आहारविकार म्हणतात. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो. त्याच्या एका प्रकारात मुलाला किंवा मुलीला वजन वाढण्याची विलक्षण भीती वाटू लागते आणि जेवण नकोसे होते. घरच्यांना वाटते, हा हट्ट आहे. परंतु तो हट्ट नव्हे. ताप जसा आजार, तसाच हाही आजारच.

अन्न कमी पडले म्हणजे मनही दुर्बळ होते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवले. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना कसे सावरावे, हे त्याला शोधावयाचे होते. ते तरुण चिडखोर व उदास बनले. त्यांचे कशातच चित्त लागेना. पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही पूर्ववत होण्यास त्यांना कित्येक महिने लागले. तेव्हा आजारी मूल रागावले, तर तो त्याचा स्वभाव समजू नये.

या आजारात डॉक्टरांचे मार्गदर्शन अवश्य हवे. तथापि उपचाराचा मोठा भाग घरीच होतो. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० नंतर विकसित झालेल्या पद्धतीत आईवडील काही काळ मुलाच्या जेवणाची जबाबदारी स्वतःकडे घेतात. वेळेवर ताट वाढावे, शेजारी बसावे, न रागावता पण ठामपणे धीर द्यावा. प्रकृती सुधारली, की ही जबाबदारी हळूहळू पुन्हा मुलाच्या हाती द्यावी. यास महिने लागतात. मध्येच पाऊल मागेही पडते.

अशा वेळी तुम्ही काय कराल? कोणाच्याही शरीरावरून चिडवू नका. "आता अंग छान भरले हं!" ही स्तुतीसुद्धा बऱ्या होणाऱ्या मैत्रिणीच्या मनाला बोचते. त्यापेक्षा तिच्याशेजारी बसून डबा खा. खेळाच्या, अभ्यासाच्या गोष्टी बोला. कोणी लपूनछपून जेवण टाळत असेल, तर गुरुजींना, बाईंना अथवा घरच्या वडीलधाऱ्यांना सांगा. ती चहाडी नव्हे, ती मैत्री होय. आणि अशी भीती तुमच्याच मनात आली, तर ती लपवू नका.

जामखेडच्या त्या स्त्रिया एकदा सांगून थांबल्या नाहीत. पुन्हा पुन्हा त्याच दारी गेल्या. आजारी सोबत्यालाही अशीच न कंटाळणारी सोबत हवी असते.