सोनेरी महाल आणि शेतातली खापरं

राजवाडा म्हणजे राजाचं घर, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण राजा गेल्यावर त्या घराचं काय होतं? कुणी विटा-लाकडं काढून नेतं, कुणी तिथं कचेरी मांडतं. एखाद्या वाड्याचं नशीब बरं असलं तर त्याचं वस्तुसंग्रहालय होतं. छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालाचं तसं झालं. सातवीच्या सहलीत तो पाहिला, म्हणून इथे लिहीत आहे.

आधी शहराविषयी. आपल्या कोपरगावाहून वैजापूरमार्गे साधारण शंभर किलोमीटर. पूर्वी तिथे खडकी नावाचं गाव होतं. नगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली तिथे शहर वसवलं. हा मलिक अंबर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हबशी, आणि झाला वजीर! त्याने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणलं. पुढे शहर मोगलांकडे गेलं, त्याचं नाव औरंगाबाद झालं, आणि १६८२ च्या सुमारास औरंगजेबाने भोवती तट बांधला. मराठ्यांची धास्ती होती ना! २०२३ पासून शहराचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. लोक त्याला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. आता तट बराचसा पडला आहे, दरवाजेही थोडेच उरले आहेत. पण भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा अजून उभे आहेत. त्यातला भडकल दरवाजा मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला, म्हणजे तो तटापेक्षाही जुना.

सोनेरी महाल तटाच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी पहाडसिंगपुऱ्यात आहे. बुंदेलखंडातला पहाडसिंग नावाचा सरदार मोगलांबरोबर दक्षिणेत आला, त्याने सतराव्या शतकाच्या मध्यास हा महाल बांधला. त्याच्याच नावाने वस्तीचं नाव पडलं. महाल सोन्याचा असेल असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं. तसं नाही बरं का! आतल्या भिंतींवर सोनेरी रंगात चित्रं काढलेली होती, म्हणून सोनेरी. आता त्यांच्या जेमतेम खुणा दिसतात.

इमारत दुमजली, उंच जोत्यावर, दगड-विटांची आणि चुन्याची आहे. सिमेंट तेव्हा नव्हतंच. चुनखडी भट्टीत भाजायची, पाणी टाकून ती विरवायची, मग वाळू घालून चुन्याच्या घाणीत दळायची. घाणी म्हणजे गोल चर, त्यात दगडी चाक, आणि ते ओढायला बैल. असा चुना हळूहळू हवेतला कर्बवायू घेतो आणि पुन्हा दगडासारखा होत जातो. आपल्याकडचे म्हातारे गवंडी अजून घाणीच्या चुन्याचं नाव काढतात. घरी आजोबांना विचारून पाहा.

आज हा महाल राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. आत जुन्या मूर्ती, भांडी वगैरे मांडून ठेवलं आहे. मूर्तींपुढे सगळे थांबतात, खापरांपुढून मात्र भराभरा पुढे जातात. खरं तर तिथेच थांबायला हवं. तलवार राजाची असते, पण खापर तुमच्या-आमच्यासारख्याच्या चुलीवरचं असतं. लोक काय शिजवत, धान्य कशात साठवत, हे त्यावरून कळतं.

आणि अशी खापरं आपल्याच जिल्ह्यात निघतात! संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झालं. तिथे लाल रंगाची, वर काळी नक्षी असलेली भांडी सापडली. ती तीन हजार वर्षांहून जुनी. पुढे तशी भांडी कुठेही सापडली तरी अभ्यासक त्यांना ‘जोर्वे भांडी’ म्हणू लागले. केवढासा गाव, पण नाव केवढ्या पुस्तकांत गेलं!

त्याहून नवलाची गोष्ट श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादची. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना तिथे झुडपाचं मूळ खणताना चार धातूच्या वस्तू मिळाल्या. बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्या मिळून साठ किलोंहून जड. बरेच अभ्यासक त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. एवढी धातू मोडीत गेली असती तर चार दिवस घर चाललं असतं, पण तो रथ आपल्याला कधीच दिसला नसता.

जुने वाडे आपल्यालाही परके नाहीत. राघोबादादा पेशवे १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर कोपरगावी राहायला आले आणि १७८३ साली वारले. त्यांचा वाडा गोदावरीकाठी आहे, सहलीची वाट बघायची गरजच नाही.

आता पालकांसाठी दोन ओळी. नांगरताना किंवा विहीर खणताना जुनी नाणी, मूर्ती, धातूची वस्तू निघाली तर घासूनपुसून लख्ख करू नका. ती ज्या थरात होती त्या मातीवरूनही तिचं वय ठरवता येतं, म्हणून जागा लक्षात ठेवा आणि तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत कळवा. गुप्तधनाचा कायदा १८७८ पासून आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आणि नुसती नक्षीची खापरं दिसली तर पोरांच्या हाती शाळेत पाठवा, कुठल्या शेतात मिळाली ते चिठ्ठीवर लिहून.