खताच्या गोणीतून संशोधनाला किती जातं?

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या गावांत वाडी अजून टिकून आहे. केळी, नारळ, पानवेल, मोगरा, सोनचाफा, अळू अशी पाच-सहा पिकं एकाच वाडीत नांदतात. खताच्या छापील शिफारशी मात्र बहुतेक एकट्या पिकासाठी, सलग शेतासाठी असतात. विहिरीला खारटपणा आलेला असताना केळीला म्युरिएट ऑफ पोटॅश द्यावं की सल्फेट ऑफ पोटॅश, हा इथला रोजचा प्रश्न आहे, कारण पहिल्यात क्लोराइड भरपूर असतं. अशा प्रश्नांची उत्तरं शोधायला शेतकऱ्यांनी स्वतः थोडे पैसे घालावेत असं म्हटलं, की ठरलेले आक्षेप पुढे येतात. काही रास्त आहेत, पण बरेचसे ऐकीव माहितीवर उभे आहेत.

गैरसमज: गोणी विकत घेतो तेव्हा संशोधनाचे पैसे आपण भरतोच.

तसं नाही. युरियाची 45 किलोची गोणी कडुनिंबाचं लेपन आणि करासह 266 रुपये 50 पैशांना मिळते. तिच्यावरचा 5 टक्के जीएसटी केंद्र आणि राज्याच्या तिजोरीत जमा होतो. खतांच्या संशोधनासाठी म्हणून त्यातला एक पैसाही वेगळा काढलेला नसतो. युरिया बनवायला किंवा आणायला याहून कितीतरी जास्त खर्च येतो आणि फरक केंद्र सरकार अनुदानातून भरतं. कृषी विद्यापीठं आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद प्रामुख्याने सरकारी अर्थसंकल्पावर चालतात. करदाता म्हणून आपला वाटा त्यात आहेच, पण कोणता प्रश्न आधी हाती घ्यावा हे ठरवताना वाडीवाल्याला कोणी विचारत नाही.

बाजार समितीच्या सेसबद्दलही हीच समजूत आढळते. महाराष्ट्रात हे शुल्क खरेदीदाराकडून घेतात आणि ते बाजाराच्या सोयी आणि कारभारासाठी असतं, खताच्या प्रयोगांसाठी नाही.

गैरसमज: शेतकऱ्यांच्या पैशातून संशोधन ही अमेरिकेची कल्पना आहे, आपल्याकडे असं काही कधी झालं नाही.

आपल्याकडे हे शंभर वर्षांपूर्वी झालं, आणि तेही मुंबईत. 1921 मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. 1923 च्या कायद्याने गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या आणि निर्यात होणाऱ्या कापसावर उपकर बसला. त्या पैशातून कापसाचं संशोधन चालू लागलं आणि 1924 मध्ये माटुंग्याला प्रयोगशाळा उभी राहिली. तीच आजची सिरकॉट ही कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. पुढे 1940 च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या शेतमालावर कृषी संशोधनासाठी उपकर लावला. पिकांच्या समित्या 1960 च्या दशकात बंद होऊन त्यांचं काम कृषी अनुसंधान परिषदेकडे गेलं आणि 1940 चा कायदा 2006 मध्ये रद्द झाला.

सगळ्यात जवळचं उदाहरण पुण्याजवळच्या मांजरीचं आहे. 1975 मध्ये सहकारी साखर कारखान्यांनी तिथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभारली. वसंतदादा पाटील यांच्या निधनानंतर तिला त्यांचं नाव मिळालं. सभासद कारखाने गाळलेल्या उसाच्या प्रमाणात वर्गणी भरतात. ती शेवटी ऊस उत्पादकाच्याच पैशातून जाते. त्या बळावर संस्था उसाच्या जाती निवडते, माती-पाण्याचं परीक्षण करते, जिवाणू खतं तयार करते. शेतकऱ्यांसाठी ‘ज्ञानयाग’ आणि महिला शेतकऱ्यांसाठी ‘ज्ञानलक्ष्मी’ ही प्रशिक्षणं घेते. शेतात काय बदल करायचा हे उसाच्या शेतकऱ्याला आपल्याच संस्थेकडून कळतं, यात मला सहकाराचं मोठं यश दिसतं.

पण ही पद्धत वसईत जशीच्या तशी उतरणार नाही. ऊस एका फाटकातून आत जातो, वजनकाट्यावर मोजला जातो, तिथेच कपात होते. वसईची फुलं लोकलने दादरला जातात, पानं वेगळ्या व्यापाऱ्याकडे, भाजी आणखी तिसरीकडे. कपात करायला इथे एक काटाच नाही.

गैरसमज: मग गोणीमागे रुपया वाढवला की झालं.

कॅलिफोर्नियात साधारण तसंच करतात. भूजलात नायट्रेट वाढल्यामुळे तिथे 1990 मध्ये खत संशोधन आणि शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. खताच्या विक्रीवर अगदी बारीक आकारणी होते, हजार डॉलरच्या विक्रीमागे फार तर एक डॉलर. परवानाधारक विक्रेते ती भरतात आणि पुढे किमतीतून ती शेतकऱ्यापर्यंत पोचते. तोच हिशोब आपल्या युरियाच्या गोणीला लावला तर 27 पैसे होतात, तेव्हा ओझ्याचा प्रश्न नाही. प्रश्न कायद्याचा आहे. युरियाची किंमत केंद्र सरकार ठरवतं आणि छापील किमतीहून जास्त घेणं हा 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार गुन्हा आहे. दुकानदार, सोसायटी किंवा ग्रामपंचायत आपल्या मर्जीने गोणीवर पैसे वाढवू शकत नाही. असं शुल्क हवं असेल तर निर्णय दिल्लीत व्हावा लागेल. वसईत आज हाताशी असलेला मार्ग एकच, सोसायटीची ऐच्छिक वर्गणी.

गैरसमज: मृदा आरोग्य पत्रिका फुकट मिळते, मग वेगळे पैसे कशाला?

फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झालेली ही योजना चांगली आहे आणि तिचा फायदा घ्यायलाच हवा. पत्रिकेत 12 घटकांची नोंद असते: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. पण तिच्या मूळ पद्धतीत बागायती जमिनीत अडीच हेक्टरला एक नमुना घेतात. अडीच हेक्टर म्हणजे जवळपास 247 गुंठे. वसईत एवढ्या जागेत किती वाड्या बसतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. एकाने वर्षानुवर्षं एरंडीची पेंड आणि शेणखत घातलेलं असतं, शेजाऱ्याने युरिया, आणि दोघांच्या हातात निकाल एकच. शिवाय ही पत्रिका मातीची आहे, विहिरीच्या पाण्याची नाही. वसईत आधी पाणीच तपासायला हवं.

गैरसमज: खताचं शिक्षण कशाला? जास्त घातलं की जास्त पिकतं, एवढं सगळ्यांना कळतं.

या समजुतीने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे. युरियात 46 टक्के नत्र असतं, पण भाताच्या खाचरात वरून फेकलेल्या युरियातलं निम्म्याहून कमी नत्र पिकाच्या वाट्याला येतं. बाकीचं हवेत उडतं, वाहून जातं किंवा झिरपतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यावर ब्रिकेटचा, म्हणजे युरियाच्या दाबून केलेल्या गोळीचा उपाय रुजवला: लावणीनंतर चार चुडांच्या मध्ये एक गोळी चिखलात खोचायची. युरिया कमी लागतो आणि पीक घटत नाही. असं संशोधन शेतापर्यंत पोचवायला माणूस लागतो, प्रात्यक्षिक लागतं, आणि पैसे नेमके तिथेच कमी पडतात.

किनारपट्टीच्या रेताड जमिनीत झिरपलेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत आणि बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं भारतीय मानक सांगतं. त्यापुढे ते तान्ह्या बाळांना धोक्याचं ठरतं. विहीर वाडीतच असते आणि घरही वाडीतच. त्यामुळे खताची मात्रा हा वसईत घरातल्या पाण्याचाही प्रश्न आहे.

गैरसमज: गोळा केलेले पैसे शेवटी दुसरीकडेच वळतात.

ही भीती खोटी नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1987 च्या भूजल संरक्षण कायद्याने नत्रयुक्त खतांवर शुल्क लावलं आणि त्यातून लिओपोल्ड सेंटर हे संशोधन केंद्र चालू झालं. 2017 मध्ये तिथल्या विधिमंडळाने त्याचा सरकारी निधी काढून घेतला. निधी दुसऱ्याच्या तिजोरीत असला की हे कुठेही घडू शकतं. म्हणून वर्गणी सोसायटीच्या वेगळ्या खात्यात राहावी, प्रश्न शेतकऱ्यांनी निवडावेत आणि निकाल मराठीत, नोटीस बोर्डावर लागावेत.

रक्कम किती लागेल? सरासरी 20 गुंठ्यांच्या 500 वाड्यांनी गुंठ्याला वर्षाला 10 रुपये दिले, तर 1 लाख रुपये जमतात. वीस गुंठेवाल्याला 200 रुपये पडतात. माती किंवा पाण्याच्या एका नमुन्याला 300 रुपये धरले, तर त्यात तीनशेहून जास्त नमुने तपासून होतील. वसईच्या वाड्यांचा खरा नकाशा त्यातून हाती येईल आणि तो घेऊन दापोलीच्या विद्यापीठाकडे किंवा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राकडे नेमका प्रश्न मांडता येईल.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. आपल्या सोसायटीच्या सभेपूर्वी हा विषय लेखी द्या आणि निदान पहिल्या वर्षी विहिरींच्या पाण्याच्या तपासणीपुरती वर्गणी मंजूर करून घ्या.