पुरुषत्वाची घडण आणि मानसोपचारातील संवाद

आधुनिक मानसोपचार हा मूलतः भाषिक व्यवहार आहे. जोसेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांच्या १८९५ मधील हिस्टेरियाविषयक ग्रंथात ज्या पाच रुग्णांची सविस्तर वृत्ते येतात, त्या सर्व स्त्रिया आहेत. दुःख बोलून हलके करण्याची रीत त्यांच्यावरील उपचारांतून आकाराला आली. पारंपरिक पुरुषत्वाच्या संस्कारात वाढलेल्या पुरुषाकडून मात्र नेमकी उलट अपेक्षा असते : दुःख गिळावे, मदत मागू नये, स्वतःवरील ताबा सुटू देऊ नये. त्यामुळे उपचार घेणे म्हणजे पुरुषपणात उणे ठरणे, असे त्याला वाटते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड लेव्हंट यांनी १९९० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, अनेक पुरुषांना स्वतःच्या भावना ओळखता वा शब्दांत मांडता येत नाहीत, याचे मूळ मुलग्यांच्या संगोपनात आहे. मराठी घरांत ‘मुलीसारखा काय रडतोस?’ या प्रश्नातून हेच शिक्षण मिळते. असा पुरुष ‘मी खिन्न आहे’ असे म्हणत नाही. ‘झोप लागत नाही’, ‘डोके तापते’, ‘कामात लक्ष नाही’ असे म्हणतो. ही टाळाटाळ नव्हे; त्याला उपलब्ध असलेली दुःखाची भाषा तीच आहे.

उपचारकाचा लिंगभावही येथे तटस्थ राहत नाही. पुरुष उपचारकासमोर कमीपणाची धास्ती वाटते. स्त्री उपचारकाकडून आईसारखे सांभाळून घेण्याची अपेक्षा असते, किंवा तिच्या अधिकारालाच आव्हान दिले जाते. उपचारकाचेही पूर्वग्रह असतात. अश्रू म्हणजेच प्रगती असे मानणाऱ्याला रागाआडचे भय दिसत नाही.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये मुलगे व पुरुष यांच्यावरील उपचारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, तेव्हा पुरुषत्वालाच विकार ठरवल्याची टीका झाली. तिच्यातील ग्राह्य भाग असा की, चिकाटी आणि कुटुंबाविषयीची जबाबदारी ही मूल्ये उपचाराला पोषकही ठरू शकतात. ‘घरासाठी आलो’ असे म्हणणारा पुरुष पुढे स्वतःविषयीही बोलू लागणे शक्य असते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. त्यामागची कारणे अनेक आहेत. तथापि, ‘झोप लागत नाही’ या तक्रारीमागील व्यथा वेळीच ओळखणे उपचारकाच्या हाती निश्चित आहे.