हाय टेन्शन तारांखालची पालेभाजी

पालेभाजी थांबत नाही. सकाळी खुडलेली जुडी उन्हात ठेवली, तर संध्याकाळपर्यंत मान टाकते. त्यामुळे बाजारापर्यंत शीतगाड्या पोचत नाहीत, त्या शहराला ताजा पाला शहरातच पिकवावा लागतो. घानाची राजधानी अक्रा हे तसंच एक शहर.

कामानिमित्त मी तिथे काही महिने होतो. झोरवुलू भागात हाय टेन्शन तारांखालच्या मोकळ्या पट्ट्यात, ओन्यासिया ओढ्यालगत भाजीचे वाफे दिसतात. लेट्यूस आणि कोबी असतातच, पण अक्राच्या बाजारात खरी गंमत तिथल्या जुन्या पालेभाज्यांची. ‘अलेफू’ म्हणजे आपल्या माठाची सख्खी बहीण. ‘ग्बोमा’ ही वांग्याच्या कुळातली पानं. ‘आयोयो’ तर ज्यूटच्या झाडाचा कोवळा पाला! शिजला की भेंडीसारखा बुळबुळीत होतो. उत्तर घानातले लोक तो ‘तुओ झाफी’ या घट्ट उकडीबरोबर खातात. आपली अंबाडीही त्यांच्या जेवणात आहे.

माठ तीन-चार आठवड्यांत काढणीला येतो. खत बहुधा कोंबड्यांचं. पाणी घालायला दोन हातांत दोन झाऱ्या आणि दिवसभर फेऱ्या. वाफे सांभाळणारे बहुतेक पुरुष, तर विकणाऱ्या बायका. त्या थेट शेतावर येतात आणि किलोवर नाही, अख्ख्या वाफ्यावर सौदा करतात. काही जणी बियाण्या-खतासाठी आधीच पैसे देतात, मग माल त्यांनाच द्यायचा. ना ॲप, ना पावती. सगळा पुरवठा शब्दावर चालतो.

अडचण पाण्याची आहे. शहराचं सांडपाणी ओढ्या-गटारांत येतं आणि तेच झारीत भरलं जातं. आयोयो किंवा अलेफू शिजवून खातात, म्हणून जंतूंचा धोका कमी. कच्च्या लेट्यूसचा जास्त. बोल मात्र शेतकऱ्यालाच लागतो.

मग तो बोअर का घेत नाही? कारण जमीन त्याची नाही. ती सरकारी खात्याची, संस्थेची किंवा खासगी मालकाची असते. हातात करार नसतो आणि बांधकाम सुरू झालं की वाफे उठतात. उद्याची खात्री नसलेल्या जागेत कोण पैसे पुरेल?

शहराला स्वच्छ भाजी हवी असेल, तर तपासणीच्या आधी त्या माणसाला काही वर्षांचा लेखी करार द्यायला हवा. पाण्याची सोय मग तो स्वतःही करू शकेल.